नंबर सापडला, भरपाई कुठाय?

विमा नसलेल्या गाडीने उडवलं तर कायदा तुमच्या बाजूने असतो. पैसा मात्र असेलच असं नाही. म्हणून अपघातानंतरचे पहिले काही आठवडे नीट समजून घ्या.

तुमच्या बाइकचा विमा कोणत्या महिन्यात संपतो? मोबाइल न काढता सांगा.

बहुतेकांना सांगता येत नाही. इन्स्टाचा पासवर्ड पाठ असतो, विम्याची तारीख नसते. आता प्रश्न थोडा बदलू. समजा, तुम्ही बोरगाव मेघेहून वर्ध्याला कॉलेजला निघालात आणि चुकीच्या बाजूने आलेल्या बाइकने तुम्हाला ठोकलं. त्या बाइकचा विमा कधी संपला होता? हे तुम्हाला माहीत असायचं काही कारणच नाही. पण तुमच्या पायातला रॉड, बुडालेलं सेमिस्टर आणि घरच्यांनी काढलेलं कर्ज, या सगळ्याचं पुढे काय होणार हे त्या एका तारखेवर ठरतं.

संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये विमा क्षेत्रावर अहवाल दिला. देशातल्या रस्त्यांवरच्या जवळपास ५६ टक्के गाड्यांना विमाच नाही, असं त्यात नोंदवलंय. म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला विमा असेल की नाही, हा जवळजवळ छापा-काटाच झाला. दुसरीकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी पाहा. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली १५ हजारांहून जास्त महाराष्ट्रातली. देशभरातल्या मृतांपैकी साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखेच.

आठशे रुपयांचा प्रश्न

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याला इजा होते तो तिसरा माणूस. हा विमा तुमच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करून देत नाही. तो समोरच्याच्या जिवाची आणि हातापायांची जबाबदारी घेतो.

याला लागतात किती? जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये. १८ टक्के जीएसटी धरून साधारण ८४० रुपये. दिवसाला अडीच रुपयेही पडत नाहीत. टपरीवरचा कटिंग चहा त्याहून महाग आहे.

तरी इतक्या गाड्या विम्याविना का फिरतात? पैसे वाचवणारे आहेत, पण विसरणारेही भरपूर आहेत. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. बाबांनी शोरूममध्ये सगळे पैसे एकत्र भरले, चावी हातात आली आणि विषय संपला. २०१९ मध्ये घेतलेल्या बाइकचा हा विमा २०२४ मध्ये संपला. गाडी मात्र धावतेच आहे. मध्यंतरी १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी नंबर प्लेट लावायची म्हणून घरोघरी धावपळ झाली. प्लेट बदलली, पण तेव्हा विम्याचा कागद किती जणांनी काढून पाहिला?

विम्याशिवाय सापडलं तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण दंड जातो सरकारच्या तिजोरीत. ज्याचा पाय मोडला त्याच्या हातात त्यातला एक रुपयाही येत नाही.

पळून गेलेला बरा की थांबलेला?

आता या विषयातली सगळ्यात विचित्र गोष्ट पाहू.

समजा, ठोकणारा पळून गेला आणि प्रयत्न करूनही गाडी सापडली नाही. याला कायद्यात हिट अँड रन म्हणतात. १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यू झाला तर दोन लाख आणि गंभीर दुखापत झाली तर ५० हजार रुपये निधीतून मिळतात. त्याआधी ही रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती. रक्कम पुरेशी नाहीच, पण देणारा कोणीतरी आहे. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो आणि मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते.

समजा, ठोकणारा थांबला. नंबर मिळाला, नाव मिळालं, त्याने स्वतः तुम्हाला दवाखान्यातही नेलं. फक्त विमा नव्हता. आता तुम्ही हिट अँड रनमध्ये बसत नाही, कारण गाडी सापडली आहे. विमा कंपनीही नाही. उरतो फक्त तो माणूस. न्यायाधिकरण त्याच्याविरुद्ध लाखोंचा आदेश देईल, पण ते पैसे त्याच्याकडे असतील तरच तुम्हाला मिळतील.

म्हणजे अनोळखी गाडीने उडवलं तर थोडे तरी पैसे येण्याची वाट आहे आणि माणुसकी दाखवून थांबलेल्या विनाविमा गाडीने उडवलं तर हातात कोर्टाचा कागद. व्यवस्थेतलं हे भोक आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं, आणि तेही कुणाच्या तरी घरात ते घडल्यावर.

या भोकाचा फायदा घ्यायला सल्लागारही लगेच उभे राहतात. एक म्हणतो, 'अज्ञात वाहन लिहून टाकू.' दुसरा म्हणतो, 'माझ्या भावाच्या गाडीचा विमा आहे, तीच गाडी दाखवू.' दोन्ही सल्ले सरळसरळ फसवणुकीचे आहेत. नंतर सीसीटीव्ही, मोबाइलचं लोकेशन किंवा दवाखान्याची पहिली नोंद वेगळं बोलली की दावा तर जातोच, गुन्हाही तुमच्यावरच येतो. ज्याचं हाड मोडलं तोच आरोपी होणं, ही वेळ ओढवून घेऊ नका.

पहिल्या तासात बोललेलं एक वाक्य

आधी १०८ किंवा ११२. बाकी सगळं नंतर. मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. त्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही आणि जखमीला उचलून नेलं म्हणून त्याच्यावर केस होत नाही. म्हणून तुम्ही बघे असाल तर व्हिडिओ काढत उभे राहू नका, हात लावा.

बोरगावकरांना सावंगी, सेवाग्राम आणि वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय ही तीन ठिकाणं जवळ. कुठेही जा, पण तिथे पहिल्यांदा काय सांगता ते महत्त्वाचं आहे. पोलिसांचं लफडं नको म्हणून आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं, 'गाडी स्लिप झाली, पडलो.' डॉक्टर तेच लिहितात. तीन महिन्यांनी तुम्ही म्हणता की मला अमुक गाडीने ठोकलं, तेव्हा समोरचा वकील तोच केसपेपर न्यायाधीशांसमोर ठेवतो. म्हणून खरं काय झालं तेच सांगा, एमएलसी नोंद करायला सांगा आणि गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्या.

पैशांचं काय? इथे एक चांगली बातमी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला मुदत घालून दिल्यावर मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू झाली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात मोफत. ठोकणाऱ्या गाडीला विमा होता की नाही, ही अट नाही. विमा नसलेल्या गाडीचा आणि हिट अँड रनचा खर्च सरकारी पैशांतून भागवला जातो. मात्र हा अपघातच आहे, अशी पोलिसांची ऑनलाइन खात्री लागते. म्हणजे 'पोलीस नको' म्हणालात तर कॅशलेसचाही दरवाजा बंद. रुग्णालय योजनेत नसेल तर तिथे फक्त जीव स्थिर होईपर्यंतचे उपचार योजनेत धरले जातात, म्हणून दाखल होतानाच विचारा.

सात दिवसांनी काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देते. तुमचा उपचार तिच्या यादीत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. तुमच्याकडे स्वतःच्या बाइकची पॉलिसी असेल तर तीही बाहेर काढा. गाडी तुमच्या नावावर असेल, तुम्हीच चालवत असाल आणि लायसन्स असेल, तर मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण त्यात असू शकतं. ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतं, साध्या फ्रॅक्चरसाठी नाही. कॉलेजने विद्यार्थ्यांचा गट विमा काढलेला असतो, तोही ऑफिसात विचारा.

गाडी सुटली की पकड सुटली

समोरच्याला विमा नाही हे कळायला पोलिसांची वाट पाहायची गरज नाही. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. एमएच ३२ च्या पुढचे सगळे अंक-अक्षरं टिपून घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. गाड्या हलवण्याआधीचे फोटो, बघितलेल्या दोघा-तिघांचे फोन नंबर आणि चौकातल्या दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज, हेही लगेच मागा. दुकानाच्या कॅमेऱ्यात जुनं फुटेज थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं. तुम्ही स्ट्रेचरवर असाल तर हे काम मित्रांचं.

पोलिसांनी काय करायचं, हे आता नियमांत तारखांसकट लिहिलंय. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ एप्रिल २०२२ पासून आलेल्या पद्धतीप्रमाणे अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, मधला अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही पद्धत पाळा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. ठाण्यात गेल्यावर 'पाहतो' असं उत्तर आलं तर नम्रपणे विचारा, 'साहेब, पहिला अहवाल गेला का? त्याची प्रत मिळेल का?' प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं यायला लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विमा नसलेली गाडी अपघातानंतर जप्त होते आणि मालक ती सुपुर्दनाम्यावर सोडवायला कोर्टात जातो. इथे तुम्ही झोपलात तर सगळा खेळ हातचा जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना असा नियम करायला सांगितला आणि २०२२ च्या केंद्रीय नियमांतही तो आला: विमा नसलेली गाडी मालकाने भरपाईपुरती पुरेशी हमी दिल्याशिवाय कोर्टाने सोडायची नाही. हमी दिली नाही तर तीन महिन्यांनंतर गाडीचा लिलाव करून पैसे दावा न्यायाधिकरणाकडे जमा करायचे. म्हणून 'आमची हरकत आहे, हमी घेतल्याशिवाय गाडी सोडू नये' असा साधा अर्ज वकिलामार्फत वेळेत द्या. धडक ट्रॅक्टरची, पिकअपची किंवा कारची असेल तर याने बराच फरक पडतो. जुन्या दुचाकीच्या लिलावातून एका ऑपरेशनचा खर्च निघणंही कठीण, हे खरं आहे. पण गाडी हवी असेल तर मालकाला बोलणी करावी लागतात. ती तेवढीच पकड तुमच्या हातात असते.

याच काळात घरी माणसं येऊ लागतात. 'जाऊ दे ना भाऊ, पोरगं चांगलं आहे, वीस हजार घे न् मिटव.' पाचशेच्या स्टँप पेपरवर 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून मागितलं जातं. पाय कितपत बरा होणार हे डॉक्टरांनाही माहीत नसताना अशी सही करू नका. मदत म्हणून पैसे देत असतील तर घ्या, पण 'उपचारासाठी दिलेली रक्कम' एवढंच लिहा आणि ऑनलाइन घ्या, म्हणजे नोंद राहते.

कागदावर अठरा लाख, खिशात काय?

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात नागपूर रोडवर झाला काय किंवा पुण्यात, तुम्ही वर्धा जिल्ह्यात राहत असाल तर वर्ध्यातच दावा दाखल करता येतो. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर बसू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता, तर इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

रक्कम कशी ठरते? एक उदाहरण मांडून बघू. तुम्ही २१ वर्षांचे आहात, शिकता-शिकता डिलिव्हरीचं काम करून महिन्याला १२,००० कमावता. वर्षाचे झाले १,४४,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जोडले की २,०१,६००. तुमच्या वयाला सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेला गुणक १८ आहे. गुणाकार आला ३६,२८,८००. अपघाताने तुमची काम करायची क्षमता निम्म्याने घटली असं न्यायाधिकरणाने धरलं, तर कमाईच्या नुकसानीपोटी १८,१४,४००. औषधोपचार आणि वेदनांची भरपाई वेगळी.

विमा असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. आता ती भरायची कुणी? समोरचा माणूस दरवेळी मुजोर श्रीमंत नसतो. बोरगाव, सिंदी मेघे, नालवाडी अशा शहराला चिकटलेल्या वस्त्यांत तो कुणी दूधवाला, सेंटरिंग मजूर किंवा दुकानात काम करणारा असतो. अठरा लाख त्याने आयुष्यात एकत्र पाहिलेले नसतात. कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. म्हणजे त्याच्या नावावर शेत किंवा घर असेल तर त्यावर टाच. तुमचं घर अपघाताने खचलं, त्याचं जप्तीने. नसेलच काही तर दोन्ही घरं खचलेली आणि आदेश फाइलमध्ये. ८४० रुपये न भरल्याची ही किंमत आहे, आणि ती दोन कुटुंबं भरतात.

बाइक विकली, पण कुणाच्या नावावर आहे?

इथपर्यंत तुम्ही स्वतःला जखमीच्या जागी ठेवून वाचलंत. आता दुसऱ्या बाजूला या.

वर्ध्यात शिकायला आलेला सीनियर शेवटच्या वर्षी पुण्याला जायच्या घाईत बाइक ज्युनियरला विकतो. पैसे यूपीआयवर, आरसी हातात, 'ट्रान्सफर नंतर करू.' ज्युनियर पुढे तिसऱ्याला विकतो. आरटीओच्या नोंदीत नाव अजून सीनियरचंच. विमा मधल्या मध्ये संपलेला. अशा गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई कुणाकडून? फेब्रुवारी २०१८ मध्ये अनेक हात बदललेल्या एका कारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचं स्पष्ट उत्तर दिलं: अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचं नाव, तो कायद्याच्या दृष्टीने मालक आणि तोच जबाबदार. जखमीने विक्रीच्या साखळीमागे धावत बसावं, अशी अपेक्षा करता येत नाही, अशी त्यामागची भूमिका. म्हणजे पुण्यात नोकरीला लागलेल्या सीनियरच्या पत्त्यावर वर्ध्याच्या अपघाताची नोटीस येऊ शकते. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलेपर्यंत गाडी विकलीच नाही, असं समजा.

हेच मित्राला गाडी देण्याचं. 'दे ना जरा, बजाज चौकातून येतो.' विमा नसताना गाडी चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला देणारा मालकही कलम १९६ मध्ये येतो. आणि भरपाईचा आदेश निघाला तर तो त्याच्यासोबत तुमच्याही नावावर निघतो.

घोषणा झाली म्हणजे भरपाई झाली?

वर्ध्याला अपघातानंतरची लढाई नवी नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी गेले, त्यांत वर्धा जिल्ह्यातली बरीच तरुण मुलं-मुली होती. मुख्यमंत्र्यांनी पाच लाख आणि पंतप्रधानांनी दोन लाख रुपयांची मदत जाहीर केली. तो अपघात विमा नसलेल्या गाडीचा म्हणून इथे सांगत नाही. सांगायचंय ते घोषणेबद्दल. मोठ्या अपघातानंतर जी रक्कम जाहीर होते ती सानुग्रह मदत असते, सरकारने सहानुभूती म्हणून दिलेली. भरपाई हा वेगळा, कायदेशीर हक्क आहे आणि तो न्यायाधिकरणातच सिद्ध करावा लागतो. बोरगावच्या गल्लीत एकट्याने पाय मोडून घेतलेल्याला कुणी मुख्यमंत्री मदत जाहीर करत नाही. त्याच्यासाठी रोजच्या व्यवस्थेतच तरतूद लागते.

हे भोक बुजवता येतं

ब्रिटनमध्ये १९४६ पासून मोटर इन्शुरर्स ब्युरो नावाची संस्था आहे. विमा कंपन्या तिला पैसे देतात. विमा नसलेल्या गाडीने ठोकलं तर जखमीला ही संस्था भरपाई देते आणि मग दोषी चालकाच्या मागे लागून वसूल करते. वसुलीची कटकट जखमीच्या डोक्यावर नसते.

आपल्याकडे पाया घातलेला आहे. कायद्याच्या कलम १६४ब खाली मोटार वाहन अपघात निधी आहे, आणि विनाविमा गाड्यांच्या अपघातातले उपचार त्यातून होतातही. पण सापडलेल्या विनाविमा गाडीबाबतीत निधीची मदत उपचारांपाशी थांबते. प्लॅस्टर निघाल्यावर, नोकरी गेल्यावर, पाय आखूड राहिल्यावर पुढे काही नाही. याच निधीतून जखमीला ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई द्यावी आणि वसुली सरकारने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करावी, एवढी सुधारणा झाली तरी बरंच साधेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. निम्म्याहून जास्त लोक विमाच काढत नसतील तर त्यांच्या चुकीचा भार विमा काढणाऱ्यांनी का उचलायचा? म्हणूनच विनाविमा गाड्या आधी पकडाव्या लागतील. ओडिशा, बिहारने टोलनाक्यांच्या कॅमेऱ्यांतून विमा संपलेल्या गाड्यांना आपोआप ई-चलान पाठवायला सुरुवात केली. कल्पना चांगली आहे, पण आपल्या बोरगावची स्कूटी टोलनाक्यावर जातेच कुठे? विनाविमा गाड्यांत दुचाकी जास्त आणि दुचाकी फिरतात गाव ते शहर, घर ते कॉलेज. टोलचा कॅमेरा त्यांना पकडणार नाही. चलानाच्या भीतीपेक्षा त्यांना आठवण करून देणारं कुणीतरी हवं.

ते कुणीतरी तुम्ही होऊ शकता. कॉलेजच्या पार्किंगमध्ये किती गाड्या लागतात? एनएसएसच्या दहा पोरापोरींनी एक सकाळ दिली, मालकांना विचारून एकेक नंबर एमपरिवहनवर टाकला, तर किती विमे संपलेत ते दुपारपर्यंत कळेल. कुणाचं नाव फळ्यावर लिहायचं नाही, कुणाला पोलिसांची धमकी द्यायची नाही. फक्त त्याला सांगायचं की बाबा, तुझा संपलाय, ऑनलाइन दहा मिनिटांचं काम आहे. आणि सुरुवात स्वतःच्या गाडीपासून करायची.

एवढं लिहून ठेवा

- अपघात झाला की १०८ किंवा ११२. दवाखान्यात खरं तेच सांगा, एमएलसी नोंद करा.
- गाडीचा नंबर, फोटो, साक्षीदारांचे फोन, सीसीटीव्ही फुटेज लगेच मिळवा. विमा एमपरिवहनवर तपासा.
- कॅशलेस उपचार: सात दिवस, दीड लाखांपर्यंत. समोरच्याचा विमा नसला तरी.
- विनाविमा गाडी हमीशिवाय सोडण्यास कोर्टात हरकत घ्या.
- घाईत तडजोडीच्या कागदावर सही नको. गाडी बदलणं, 'अज्ञात वाहन' लिहिणं अजिबात नको.
- दावा सहा महिन्यांच्या आत, चालक आणि नोंदणीकृत मालक दोघांविरुद्ध. मोफत वकिलासाठी १५१००.